दुसऱ्याच्या वर्गाचे प्रेक्षक

2013 सालच्या एप्रिल महिन्याच्या 29 तारखेस अमेरिकेंतील एका विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागानें दुसऱ्या विद्यापीठांतील एका तत्त्वज्ञास अनावृत पत्र लिहिलें. लिहिणारे अध्यापक कॅलिफोर्निया राज्यांतील सॅन होझे येथील सरकारी विद्यापीठाचे. आणि ज्यांना तें लिहिलें ते मायकेल सँडेल हार्वर्ड विद्यापीठाचे. विद्वानांच्या अशा पत्रांत बहुधा मतांची खडाजंगी असते. या पत्रांत सँडेल यांच्या एकाही मताचें खंडन नव्हतें. त्यांच्या अध्यापनकौशल्याविषयीं तर आदरच होता. तक्रार होती ती एवढीच कीं, सँडेल यांचीं व्याख्यानें चित्रफितींच्या रूपानें सॅन होझेच्या वर्गांत येऊं घातलीं आहेत, आणि तीं ज्या खुर्चीवर येऊन बसणार आहेत ती खुर्ची रिकामी नाहीं.

सँडेल यांचा 'न्याय' हा अभ्यासक्रम हार्वर्ड येथें कित्येक वर्षें गाजत होता. एका भव्य नाट्यगृहांत सुमारें हजार विद्यार्थी दाटीवाटीनें बसत. वक्ता व्यासपीठावर येई आणि एक पेंच टाकी : भरधाव ट्रामगाडीचा ब्रेक निकामी झाला आहे, समोरच्या रुळांवर पांच मजूर आहेत, बाजूच्या रुळावर एकच आहे, गाडी वळवून पांचांऐवजीं एकाचा प्राण जाऊं द्यावा काय? मग कोणी विद्यार्थी उठे, उत्तर देई. दुसरा तें खोडून काढी. आणि त्या वादाचा धागा हातीं धरून वक्ता श्रोत्यांना ॲरिस्टॉटलपासून आजच्या न्यायालयांपर्यंत फिरवून आणी. 2009 मध्यें हीं व्याख्यानें अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवर दाखविलीं गेलीं. 2012 च्या मे महिन्यांत हार्वर्ड व एमआयटी या दोन संस्थांनीं प्रत्येकीं 3 कोटी डॉलर देण्याचें ठरवून 'एडएक्स' नांवाची ऑनलाइन शिक्षणाची संस्था काढली, आणि पुढें 'न्याय' हाही तिच्या भांडारांत आला. जगांतील कोणाही माणसानें संगणक उघडावा आणि फुकट ऐकावें. यांत वाईट तें काय? कांहींच नाहीं, आणि सॅन होझेच्या अध्यापकांनींही तसें म्हटलें नव्हतें. त्यांचें भय निराळें होतें, आणि तें समजण्यासाठीं त्या राज्याची थोडी पूर्वपीठिका ध्यानांत घ्यावी लागते.

कॅलिफोर्निया राज्यानें 1960 सालीं आपल्या उच्च शिक्षणाची एक मोठी योजना आंखली. शाळा संपविणाऱ्या मुलांपैकीं वरच्या अष्टमांशास संशोधन करणाऱ्या विद्यापीठांत, वरच्या तृतीयांशास राज्य विद्यापीठांत, आणि शिकूं इच्छिणाऱ्या बाकीच्या सर्वांस गांवोगांवच्या लोकमहाविद्यालयांत जागा मिळावी. आणि राज्यांतील रहिवाशाकडून शिकविण्याचें शुल्क घेऊं नये, असें तिचें मुख्य सूत्र होतें. सॅन होझेचें विद्यापीठ यांतील मधल्या पायरीवरचें. 1857 सालीं शिक्षक तयार करणारी शाळा म्हणून निघालेली ही संस्था. तेथील विद्यार्थ्यांत मेक्सिको, व्हिएतनाम, फिलिपाइन्स आदि देशांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांचा भरणा मोठा, आणि पोटासाठीं नोकरी करून शिकणारे पुष्कळ. 1960 चें वचन मुख्यतः अशांसाठींच होतें. परंतु वचनें देणारी पिढी निराळी आणि पाळणारी निराळी. शुल्कें हळूहळू वाढत गेलीं. 2008 च्या मंदीनंतर तर राज्याची तिजोरी आटली. 2011-12 या एका वर्षांत राज्य विद्यापीठांच्या अनुदानांतून 65 कोटी डॉलरांहून अधिक रक्कम कापली गेली. वर्ग बंद झाले, अध्यापक कमी झाले, आणि 2012 च्या शरद ऋतूंत लोकमहाविद्यालयांच्या प्रतीक्षायादींवर साडेचार लाखांहून अधिक नांवें लागलीं. एखादा गणिताचा विषय मिळत नाहीं म्हणून पदवी एक एक वर्ष लांबूं लागली.

अशा वेळीं जो कोणी स्वस्तांत शिक्षण देऊं म्हणतो त्याचें स्वागत होतें. 2011 मध्यें स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रून यांच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमास 1 लाख 60 हजार लोकांनीं नांवें नोंदविलीं होतीं, आणि त्या यशाच्या जोरावर त्यांनीं 'उडॅसिटी' ही कंपनी काढली होती. 15 जानेवारी 2013 रोजीं राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन, थ्रून आणि सॅन होझे विद्यापीठाचे अध्यक्ष मोहम्मद कयूमी यांनीं एकत्र बसून जाहीर केलें कीं, गणिताचे व संख्याशास्त्राचे तीन अभ्यासक्रम ही कंपनी आणि विद्यापीठ मिळून 150 डॉलरांत देतील. मार्चमध्यें राज्याच्या सीनेटचे नेते डॅरेल स्टाइनबर्ग यांनीं 520 क्रमांकाचें विधेयक पुढें केलें. ज्यांत जागा मिळत नाहीं असे प्रारंभिक 50 विषय निवडावे, जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यानें ते ऑनलाइन पुरे करावे, मग ते खासगी कंपनीचे कां असेनात, आणि सरकारी विद्यापीठांनीं ते आपलेच समजून त्यांचे गुण पदवींत धरावे, असा त्याचा आशय. एप्रिलमध्यें एडएक्सचे अभ्यासक्रम राज्य विद्यापीठांच्या आणखी 11 शाखांपर्यंत नेण्याचें घोषित झालें. ही घाई पाहतां, विचारविनिमय करावयास कोणास फुरसत झाली असेल असें वाटत नाहीं.

तत्त्वज्ञान विभागास 'न्याय' हा अभ्यासक्रम वापरण्याविषयीं विचारणा झाली ती या घाईंत. विभागानें नकार दिला, आणि नकाराचीं कारणें जगासमोर मांडलीं. आमच्या विभागांत हा विषय शिकविणाऱ्यांची वाण नाहीं. या चित्रफितींनीं सुटावी अशी कोणतीही अध्यापनाची अडचण आमच्यापुढें नाहीं. तेव्हां हा बदल शिक्षणासाठीं नसून पैशासाठीं आहे, हें निदान उघड बोलावें, असें त्यांचें म्हणणें होतें. देशभर सर्व ठिकाणीं न्यायासारखा विषय एकाच मुखानें, एकाच साच्यानें शिकविला जावा, ही कल्पना त्यांना भयावह वाटली. आणि शेवटीं ज्यास मर्म म्हणावें असा मुद्दा : पुढें विद्यापीठांच्या दोन जाती होतील. सधन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांस सजीव अध्यापक मिळेल. निर्धन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांस त्या अध्यापकाचें चित्र मिळेल, आणि चित्र चालू-बंद करण्यास व उत्तरपत्रिका तपासण्यास एक मदतनीस.

येथें एक गोष्ट सहज नजरेआड होते. सँडेल यांच्या चित्रफितींत केवळ सँडेल नाहींत. त्यांत हार्वर्डचे विद्यार्थीही आहेत. तेच उठून बोलतात, चुकतात, हसतात, वक्त्याशीं वाद घालतात. सॅन होझेच्या विद्यार्थ्यानें तें सारें पाहावयाचें. त्याला शंका आली तर ती आधींच कोणीतरी दुसऱ्यानें विचारलेली असावी, अशी आशा करावयाची. नभोवाणीवरून बोलणाऱ्यासही श्रोत्याचा प्रश्न ऐकूं येत नाहीं हें खरें. पण नभोवाणी कोणास पदवी देत नाहीं, आणि भाषण ऐकल्याचे गुणही कोणी मागत नाहीं.

वर्गांत विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न विचारतां येतो यांत असें मोठें काय आहे, असें कोणी म्हणेल. त्यास त्याच सॅन होझे शहरांत त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट सांगतां येईल. विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागांत दारिद्र्य आणि संपत्ति या विषयावरचा एक वर्ग होता. त्या वर्गांतील एक विद्यार्थिनी शाळा सुटल्यानंतर गरिबांच्या मुलांना सांभाळण्याचें काम करीत असे. त्या मुलांचे आईबाप किमान वेतनावर दोन दोन नोकऱ्या करतात आणि तरीही त्यांचें भागत नाहीं, हें ती रोज पाहत होती. हें वेतन वाढवितां येणार नाहीं काय, असा विचार तिनें वर्गांत मांडला. अध्यापकांनीं तो उडवून लावला नाहीं. वर्गांतल्या मुलांनीं तो उचलला. सह्या गोळा झाल्या, कामगार संघटना आणि धार्मिक मंडळ्या पाठीशीं उभ्या राहिल्या. नोव्हेंबर 2012 मध्यें शहराच्या मतदारांनीं कौल दिला, आणि तासाचें किमान वेतन 8 डॉलरांवरून 10 डॉलरांवर गेलें. तें अमलांत आलें मार्च 2013 मध्यें, म्हणजे तत्त्वज्ञांच्या त्या पत्राच्या अवघे कांहीं आठवडे आधीं. न्याय म्हणजे काय, याची चर्चा हार्वर्डच्या नाट्यगृहांत अधिक सुंदर भाषेंत झाली असेल. परंतु त्या मुलीचा प्रश्न तेथें कोणीं विचारला नसता, कारण तो तिच्याजवळच होता. चित्रफितीसमोर बसवून तिला उत्तमोत्तम विचार ऐकवितां आले असते. तिचें ऐकणारें मात्र तेथें कोणी नसतें.

सँडेल यांनीं पत्रास दिलेलें उत्तर थोडक्यांत होतें आणि सज्जनास शोभेल असें होतें. आपलीं व्याख्यानें सर्वांस विनामूल्य मिळावीं एवढाच आपला हेतु. परंतु पैशाच्या टंचाईंत सांपडलेल्या सरकारी विद्यापीठांतील विभागांना अशा अभ्यासक्रमांनीं इजा पोंचेल ही भीति रास्त आहे, आणि इतर ठिकाणच्या सहव्यवसायिकांचें नुकसान आपल्या हातून व्हावें अशी आपली मुळींच इच्छा नाहीं, असें त्यांनीं कळविलें. ज्याच्या नांवानें गाडा हांकला जात होता त्यालाच गाड्याची दिशा मान्य नव्हती.

आतां प्राध्यापकांच्या संघटनेविषयीं. राज्य विद्यापीठांच्या अध्यापकांच्या वतीनें वाटाघाटी करणारी कॅलिफोर्निया फॅकल्टी असोसिएशन ही संघटना, आणि वरच्या पायरीवरील विद्यापीठांतील अध्यापकमंडळें, यांनीं 520 क्रमांकाच्या विधेयकास कडाडून विरोध केला. विषय कोणता शिकवावा, कसा शिकवावा आणि गुण कोणीं द्यावे हें ठरविण्याचा अधिकार शिकविणाऱ्यांच्या हातून काढून कंपनीच्या हातीं देऊं नये, हा विरोधाचा गाभा. यावर प्रतिपक्षाचें उत्तर ठरलेलें होतें : यांना विद्यार्थ्यांची नव्हे, स्वतःच्या नोकऱ्यांची काळजी आहे. या आरोपास भिऊन ताकाला जाऊन भांडें लपविण्याचें कांहीं कारण नाहीं. नोकऱ्यांची काळजी होतीच. राज्य विद्यापीठांतील निम्म्याहून अधिक अध्यापक मुदतीच्या नेमणुकीवर काम करणारे. अशा माणसास कोणी बडतर्फ करीत नाहीं. पुढच्या सत्रांत त्याला नुसतें बोलावणें येत नाहीं. ज्या प्रारंभिक विषयांवर त्याचें पोट चालतें तेच 50 विषय विधेयकानें निवडले होते. मजुराची चिंता ही लाजेची गोष्ट नव्हे, आणि प्राध्यापक झाल्यानें माणूस पगारावांचून जगूं लागत नाहीं.

तथापि संघटनेच्या बाजूनेंही एक उणें राहिलें, तें सांगितलेंच पाहिजे. प्रतीक्षायादीवरचीं तीं साडेचार लाख नांवें खोटीं नव्हतीं. सुंदर अनावृत पत्र वाचून त्यांतल्या एकालाही जागा मिळाली नाहीं. सरकारनें अनुदान पूर्ववत् करावें आणि अध्यापक नेमावे, हें संघटनेचें उत्तर तत्त्वतः बरोबर होतें. त्या सत्रांत ज्याचा विषय हुकला त्याच्या हातांत त्यामुळें कांहींच पडत नव्हतें. कोणत्याही वादांत जो दाराबाहेर उभा आहे त्याच्या वतीनें बोलणारे दोन्हीकडे असतात. त्याला विचारणारा सहसा कोणी नसतो.

वाद चालू असतांनाच प्रयोगाचा निकाल हातीं आला. 150 डॉलरांच्या त्या तीन अभ्यासक्रमांत उत्तीर्ण होणारांचें प्रमाण वर्गांत शिकणारांच्या मानानें पुष्कळच खालीं गेलें, आणि जुलै 2013 मध्यें प्रयोग स्थगित करावा लागला. विद्यार्थ्यांत पूर्वीं त्याच गणितांत नापास झालेले कित्येक होते. ओकलंडच्या एका शाळेंतील मुलेंही होतीं, आणि त्यांतल्या कांहींच्या घरीं संगणकच नाहीं हें शिकविणारांना मागाहून कळलें! उन्हाळ्यांत निकाल सुधारला. परंतु त्या तुकडींत निम्म्याहून अधिक लोक आधींच पदवीधर होते. ज्याला शिकावें कसें हें ठाऊक आहे तो चित्रफितीवरून शिकतो, पुस्तकावरून शिकतो, प्रसंगीं वाईट शिक्षकाकडूनही शिकतो. ज्याला तें ठाऊक नाहीं त्याला शेजारीं बसून दाखविणारा माणूस लागतो; आणि सरकारी विद्यापीठ काढावयाचें तें मुख्यतः याच्यासाठीं. नोव्हेंबरांत खुद्द थ्रून यांनीं आपला माल कमअस्सल ठरल्याची कबुली दिली. विधेयक सीनेटनें मे अखेर मंजूर केलें होतें, पण बरेंच पातळ होऊन. त्याच उन्हाळ्यांत त्याच्या कर्त्यानें तें बाजूस ठेवलें.

एवढ्यावरून यंत्र निरुपयोगी असा निवाडा देणें मात्र अन्याय होईल. त्याच सॅन होझे विद्यापीठांत 2012 च्या शरद सत्रांत विद्युत् अभियांत्रिकीच्या एका वर्गानें एमआयटीच्या चित्रफिती वापरल्या होत्या. मुलांनीं व्याख्यानें घरीं ऐकावीं, आणि वर्गांत अध्यापकासमोर बसून गणितें सोडवावीं, अशी तेथील रीत. जेथें एरवीं शेंकडा 60 विद्यार्थीही उत्तीर्ण होत नसत, तेथें शेंकडा 91 झाले. अध्यक्ष कयूमी हा आंकडा अभिमानानें सांगत, आणि त्यांनीं तो सांगणें योग्यच होतें. फक्त त्या आंकड्यांतून त्यांनीं चित्रफितीचें यश वाचलें. वस्तुतः त्या वर्गांत अध्यापक कमी झाला नव्हता; व्याख्यान देण्याच्या ओझ्यांतून सुटून तो मुलांच्या वह्यांपाशीं आला होता. कोणत्याही गांवच्या शाळेंतील जुन्या मास्तरास यांत नवल वाटणार नाहीं.

हा वाद समुद्रापलीकडचा म्हणून दुरून पाहण्याजोगा राहिलेला नाहीं. भारतांत विद्यापीठ अनुदान आयोगानें 2016 सालीं 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांचे गुण पदवींत धरण्यास नियमानें मुभा दिली; त्याची मर्यादा शेंकडा 20 होती, ती 2021 मध्यें शेंकडा 40 झाली. त्याच वर्षीं मे महिन्यांत, साथीचा जोर असतांना, कोणत्याही विषयाचा शेंकडा 40 पर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा अशा मिश्र पद्धतीचा मसुदा आयोगानें प्रसिद्ध केला. दिल्ली विद्यापीठाच्या शिक्षकसंघानें त्यास विरोध केला. ज्यांच्या घरीं स्वतंत्र खोली नाहीं, धड उपकरण नाहीं, त्या विद्यार्थ्यांचें काय. आणि शिकविण्याचे तास कमी झाले म्हणजे रिकाम्या पडलेल्या जागा कायमच्या रिकाम्याच राहतील, त्यांचें काय, हे आक्षेप त्यांत होते. महाराष्ट्रांतील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या तरुण अध्यापकास दुसऱ्या आक्षेपाचा अर्थ कोणी उकलून सांगावयास नको.

राहिला प्रश्न मालकीचा. शिक्षकानें खडूनें फळ्यावर लिहिलेलें तास संपतां पुसलें जातें; त्याची चोरी होऊं शकत नाहीं. परंतु जें एकदां चित्रफितीवर उतरलें तें कोणाचें? कॅनडांत टोरोंटो येथील यॉर्क विद्यापीठाच्या अध्यापकांना हा प्रश्न फार लवकर दिसला. 1997 सालीं त्यांनीं 55 दिवस संप केला, आणि वेतनादि इतर मागण्यांबरोबर एक कलम मिळविलें : वर्गाच्या जागीं यंत्र वापरण्याची सक्ति कोणाही अध्यापकावर करतां येणार नाहीं. त्या वेळीं तें कलम अनेकांना विक्षिप्त वाटलें असेल. मार्च 2020 मध्यें साथ आली आणि जगांतील बहुतेक विद्यापीठें एका पंधरवड्यांत पडद्यावर गेलीं. तेव्हां कोणीं कलमें काढून वाद घातला नाहीं. सॅन होझेच्या अध्यापकांनींही आपापल्या घरून आपल्याच मुलांना शिकविलें. परंतु त्या काळांत हजारों तासांचीं भाषणें टिपलीं गेलीं, आणि अध्यापक गेला तरी त्याचा आवाज संस्थेच्या कपाटांत राहणार, हें सर्वांस दिसूं लागलें.

2021 च्या जानेवारींत माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठांतील एक विद्यार्थी कॅनडाच्या चित्रकलेवरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम घरीं बसून ऐकत होता. व्याख्याते फ्राँस्वा-मार्क गान्यों वयोवृद्ध, रसाळ, विषयांत रंगून जाणारे. विद्यार्थ्यास ते फार आवडले. हजेरीस निराळे अध्यापक नेमलेले होते, गुण देण्यास मदतनीस होते; बोलणारे मात्र गान्यों. त्यांना कांहीं विचारावें म्हणून विद्यार्थी त्यांचा पत्ता शोधूं लागला, तेव्हां त्याच्या हातीं त्यांच्या मृत्यूची वार्ता आली. ते मार्च 2019 मध्येंच वारले होते.